इंग्रजीची वही घरी दुरुस्त करू नका : पालकांसाठी आणि मोठ्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

क्लास सुटल्यावर जिन्यात, फोनवर, खडेबाजारात भेट झाली तरी, पालक आम्हाला दोन गोष्टी विचारतात. पहिली : "सर, पोरगं अजून छोटी छोटीच वाक्यं लिहितंय की, मोठी कधी लिहिणार?" दुसरी : "वहीत नुसती रेघ मारलेली असते, बरोबर काय ते लिहून का देत नाही?" दोन्हींचं उत्तर एकच आहे. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगताना ते अर्धंच सांगून होतं, म्हणून हे पत्रक छापलं.

दोन पूर्ण वाक्यं जोडून एक वाक्य करणं, म्हणजे कंपाउंड सेंटेन्स, हा विषय मराठी माध्यमातल्या मुलाला नवा नाही. संयुक्त वाक्य त्याने मराठीच्या व्याकरणात शिकलेलं असतं. समुच्चयबोधक 'आणि', विकल्पबोधक 'किंवा', न्यूनत्वबोधक 'पण', परिणामबोधक 'म्हणून'. इंग्रजीत याच चार जागांवर 'अँड', 'ऑर', 'बट', 'सो' बसतात. आम्ही सुरुवात या चौघांवरच करतो. इंग्रजीत असे जोडशब्द सात धरतात. 'फॉर', 'नॉर' आणि 'येट' हे उरलेले तीन आम्ही फार मागून घेतो, कारण दहावीच्या मुलाला रोजच्या लिखाणात ते क्वचितच लागतात. 'नॉर'नंतर तर क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, आणि ते लवकर शिकवलं की आधीचं बसलेलंही विस्कटतं. काही पालक आम्हाला सातांची यादी आणून दाखवतात आणि पोरशन मागे पडला म्हणतात. पोरशन मागे पडलेला नसतो. चार शब्द नीट वापरणारा मुलगा सात शब्द पाठ असलेल्या मुलापेक्षा चांगलं लिहितो.

मग अडतं कुठे? हे उदाहरण बघा. मराठीत आपण म्हणतो, "बस उशिरा आली म्हणून चालत गेलो." कोण चालत गेलं? मी. 'मी' कुठेच लिहिलेलं नाही, पण 'गेलो' या रूपातच तो आहे. कन्नडमध्येही तसंच, क्रियापदाच्या शेपटीवरून कर्ता कळतो. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं घरात मराठी आणि कंडक्टरशी कन्नड बोलतात, त्यामुळे दोन्हीकडून ही सवय पक्की होते. हेच मूल इंग्रजीत लिहितं : 'द बस वॉज लेट, सो वॉक्ड टू स्कूल.' त्याच्या कानाला यात काहीच कमी वाटत नाही. पण इंग्रजी 'वॉक्ड' कोणाचाच पत्ता देत नाही. मी, तू, ते, आम्ही, सगळ्यांना एकच 'वॉक्ड'. म्हणून तिथे 'आय' लिहावाच लागतो : 'द बस वॉज लेट, सो आय वॉक्ड टू स्कूल.'

दुसरी अडचण स्वल्पविरामाची. "बस उशिरा आली, आम्ही चालत गेलो." मराठीत हे सरळ चालतं. इंग्रजीत 'द बस वॉज लेट, वी वॉक्ड टू स्कूल' ही चूक धरतात, कारण दोन पूर्ण वाक्यं एकट्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. एक तर स्वल्पविरामानंतर जोडशब्द हवा, नाही तर अर्धविराम, नाही तर सरळ पूर्णविराम देऊन दुसरं वाक्य. मराठीत विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीवरून आणली. चिन्हं आली, पण आपण ती श्वास घेण्याच्या जागेवर टाकायला लागलो. इंग्रजी स्वल्पविराम श्वासाकडे कमी आणि वाक्याच्या बांधणीकडे जास्त बघतो. "थांबायचं तिथे स्वल्पविराम दे" असं घरी कोणी सांगत असेल, तर कृपा करून आमच्या मुलांना ते सांगू नका.

यावर आमच्याकडे एक सोपी तपासणी आहे. जोडशब्दावर बोट ठेवायचं आणि डावी बाजू मोठ्याने वाचायची. 'द बस वॉज लेट.' उभं राहिलं का? राहिलं. मग उजवी बाजू. 'आय वॉक्ड टू स्कूल.' राहिलं. दोन्ही बाजू स्वतःच्या पायावर उभ्या असतील तर जोडशब्दाच्या आधी स्वल्पविराम द्यायचा आणि पुढे जायचं. 'वॉक्ड टू स्कूल' एवढंच उरलं तर मूल स्वतः म्हणतं, "सर, कोण?" हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा म्हणून सगळा खटाटोप आहे.

इथे हुशार मुलं हमखास विचारतात : "मग 'आय गॉट डाउन अँड वॉक्ड टू स्कूल' कसं बरोबर?" ते बरोबरच आहे. एकाच कर्त्याच्या दोन क्रिया 'अँड'ने जोडल्या की कर्ता पुन्हा लिहायची गरज नसते, आणि तिथे सहसा स्वल्पविरामही देत नाहीत. पण ते संयुक्त वाक्य नव्हे, एकाच वाक्यात दोन क्रियापदं आहेत. "उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन शाळेला गेलो" ही आपली साखळी इंग्रजीत नेताना हाच प्रकार उपयोगी पडतो. 'सो'च्या पुढे मात्र ही सूट घेऊ नये, तिथे कर्ता लिहायचाच. हा फरक फळ्यावर एकदा लिहून बसत नाही. त्यासाठी आम्ही वेगळी सरावपत्रकं काढली आहेत, आणि तेवढे दिवस वहीत नवीन काहीच दिसत नाही. पालकांना वाटतं क्लास थांबलाय. खरं तर वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम त्याच दिवसांत होतं.

आता मूळ विषय. आमचा आणि तुमच्या मुलाचा सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीत जातो : घरी दुरुस्त करून आणलेली वही.

मुलाने रात्री दहा वाक्यं लिहिली. आईने किंवा दादाने बघितलं, चुकलेली खोडली, वरून बरोबर लिहिली. किंवा मुलाने मोबाईलमध्ये टाकलं आणि त्याने सुधारून दिलेलं उतरवलं. सकाळी वही आमच्यापुढे येते तेव्हा त्यात एकही चूक नसते. आम्ही समजतो, कर्ता गळण्याची सवय गेली, आणि पुढे अर्धविराम आणि 'हाउएवर' घेतो. चाचणीला मूल एकटं बसतं आणि पुन्हा 'सो वॉक्ड' लिहितं. मग मागे यायचं, सगळं पहिल्यापासून. डॉक्टरकडे नेण्याआधी तापाची गोळी देऊन न्यावं, तसं हे होतं. तुमचा हेतू चांगला असतो, हे आम्हाला माहीत आहे. चुकीचं लिहिलेलं बघून हात शिवशिवतो. तरी वही आहे तशी येऊ द्या. आम्हाला त्या चुकाच बघायच्या असतात. मुलाचा कर्ता गळतोय की जोडशब्द, त्यावर पुढच्या आठवड्याचा सराव ठरतो, आणि प्रत्येकाचा सराव वेगळा असतो.

रेघेचं कारणही हेच. चुकीच्या जागी आम्ही फक्त खाली रेघ ओढतो, उत्तर लिहीत नाही. उत्तर लिहिलं की मूल ते उतरवून काढतं आणि विसरतं. नुसती रेघ दिसली की बोट ठेवून वाचावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः केलेली दुरुस्ती आम्ही तपासतो, आणि तिथेही अडलं तर जवळ बसवून सांगतो. पूर्ण उत्तर लाल शाईने लिहून देणं आम्हाला कितीतरी सोपं पडलं असतं, आणि वहीही भरलेली दिसली असती.

घरी मदत करायचीच असेल तर बोट ठेवून दोन्ही बाजू मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. "दोन्हीकडे कोण आहे?" एवढंच विचारा. आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या आज्या हे काम उत्तम करतात.

'ऑल्दो'बद्दल थोडक्यात. आपल्याकडे 'जरी'ला 'तरी' लागतंच, म्हणून मुलं 'ऑल्दो'च्या पुढे 'बट' घालतात, आणि 'बिकॉज'च्या पुढे 'सो'. इंग्रजीत दोघांपैकी एकच. शिवाय 'ऑल्दो' आणि 'बिकॉज' आले की वाक्य मिश्र होतं, संयुक्त राहत नाही. तो भाग आम्ही दसऱ्याच्या सुट्टीनंतर घेतो, आधी मागू नका.

उद्यमबागेतल्या कारखान्यांतून संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या मोठ्या मंडळींसाठी वेगळं सांगतो. तुमच्या ईमेलमधली अडचणही तीच आहे. 'आय हॅव सेंट द क्वोटेशन, प्लीज चेक, पेमेंट इज पेंडिंग, मटेरियल इज रेडी' असं एका दमात लिहिलं की पुण्याच्या किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळत नाही की माल पैशासाठी अडलाय की नुसती माहिती दिलीय. 'द मटेरियल इज रेडी, बट द लास्ट पेमेंट इज स्टिल पेंडिंग.' एका 'बट'ने सांगायचं ते सांगून होतं, आणि शब्दही कडक वाटत नाहीत. या बॅचला व्याकरणाचं पुस्तक नाही. तुम्ही पाठवलेल्या ईमेल, गिऱ्हाइकाचं नाव आणि रकमा खोडून, त्याच वाचतो आणि दुरुस्त करतो.

पाठ करायचे निबंध आम्ही देत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं. पाठ केलेला निबंध विषय थोडा बदलला की कोलमडतो, आणि एसएसएलसी म्हणजे दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेल्यावर तो कामाचाही राहत नाही. स्वतःची दोन वाक्यं जोडता येणारं मूल पत्र लिहितं, उतारा वाचून उत्तर लिहितं, पुढे अर्जही लिहितं.

सरावपत्रकांचा संच क्लासच्या विद्यार्थ्यांना फीमध्येच मिळतो. बाहेरच्यांनाही तो काउंटरवर विकत मिळेल, मात्र उत्तरं त्यात छापलेली नाहीत. ती हवी असतील तर सोडवलेली पत्रकं घेऊन शनिवारी दुपारी या, तपासून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शहापूर, वडगाव, अनगोळकडची मुलं एकत्र येत असतील तर त्यांना एकाच वेळेची बॅच देण्याचा प्रयत्न करतो. नवीन मुलाला आधी एक दिवस बसू द्या, फी नंतर ठरवू. येताना शाळेची इंग्रजीची वही सोबत आणा, पण कोणी न सुधारलेली.