घरातला पांढरा उजेड आणि मेंदूतली रात्र

गेल्या दहा वर्षांत ठाणे आणि नवी मुंबईतल्या रात्रीच्या उजेडाचा रंग पालटला. रस्त्यांवरचे सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, आणि घरांतल्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बची जागाही त्यांनीच घेतली. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केल्यावर स्वस्त एलईडी बल्ब कोट्यवधींच्या संख्येने घरोघरी पोहोचले. त्यामुळे वीज वाचली, बिले उतरली, हा फायदा लहान नाही. मात्र बल्बच्या खोक्यावर ‘कूल डेलाइट’ आणि ‘६५०० केल्विन’ असे जे छापलेले असते, त्याचा अर्थ दुकानात सहसा कोणी विचारत नाही. केल्विनचा आकडा उजेडाचा रंग सांगतो: तो जितका मोठा, तितका उजेड निळसर. बंद पडलेल्या अशा बल्बची पांढरी टोपी काढून पाहिली, तर आत पिवळ्या लेपाचे बारीक चौकोन दिसतात. त्या लेपाखालचा दिवा मुळात निळा उजेड देतो आणि लेपामुळे आपल्याला तो पांढरा भासतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले, त्याच्या संशोधनाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मेंदू या निळ्या उजेडाचा अर्थ कसा लावतो, हे उलगडायला मात्र त्याआधी पावणेतीनशे वर्षे लागली होती.

या शोधाची सुरुवात लाजाळूच्या रोपापासून झाली. १७२९ मध्ये फ्रान्समधील द मेरां यांना असे दिसले, की रोप अंधारात ठेवले तरी त्याची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. म्हणजे वेळ रोपाच्या आतच कुठेतरी मोजली जाते. माणसातही असे घड्याळ आहे आणि १९९९ मधील काटेकोर मोजणीनुसार त्याचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा आहे. ही अकरा मिनिटे रोज दुरुस्त करावी लागतात आणि ते काम प्रामुख्याने उजेड करतो.

१९५८ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल या छोट्या ग्रंथींमधून मेलॅटोनिन वेगळे केले. ते शोधत होते त्वचेच्या रंगावर परिणाम करणारे द्रव्य, आणि हाती लागला रात्र झाल्याची वर्दी शरीरभर देणारा संप्रेरक. पुढे १९७२ मध्ये दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की सस्तन प्राण्यांचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही दृष्टिचेता एकमेकींना छेदतात त्या जागेच्या अगदी वर असते. माणसात ते जेमतेम वीस हजार चेतापेशींचे आहे. तिथून निघालेला संदेश आधी पाठीच्या कण्यात उतरतो आणि मानेतून पुन्हा वर चढून पिनिअल ग्रंथीला पोहोचतो. डोळ्यांवर उजेड पडत असेल तर मेलॅटोनिन तयार होणे मंदावते किंवा थांबते.

माणसाच्या बाबतीत हे सिद्ध व्हायला १९८० साल उजाडले. आल्फ्रेड लुई आणि सहकाऱ्यांनी २५०० लक्सचा (लक्स हे उजेडाची प्रखरता मोजण्याचे एकक) झगझगीत उजेड वापरला, तेव्हा मेलॅटोनिन स्पष्टपणे घटले. ५०० लक्सला तेवढा परिणाम दिसला नव्हता. या शोधाचे महत्त्व मोठे, पण त्यातून घरातल्या दिव्यांनी काही बिघडत नाही असा समज पसरला आणि तो बराच काळ टिकला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला गैरसमज हाच.

तो दूर व्हायला डोळ्याविषयीचीच समजूत बदलावी लागली. दृष्टिपटलात दंडपेशी आणि शंकुपेशी अशा दोनच प्रकाशग्राही पेशी असतात, असे दीडशे वर्षे शिकवले जात होते. १९९५ मध्ये मात्र असे आढळले, की पूर्णपणे अंध असलेल्या काही व्यक्तींचेही मेलॅटोनिन उजेडाने कमी होते. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेत मेलॅनॉप्सिन हे प्रकाशग्राही प्रथिन सापडले आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दृष्टिपटलातील तिसऱ्या प्रकारच्या पेशी दाखवून दिल्या. यांचे मुख्य काम चित्र पाहणे नसून दिवस आहे की रात्र हे घड्याळाला कळवणे हे आहे, आणि त्या सर्वाधिक चेततात ४६० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाने.

त्यानंतरचे निष्कर्ष थेट आपल्या दिवाणखान्यात येतात. २०११ मधील ११६ जणांच्या अभ्यासात झोपेआधी २०० लक्सहून कमी, म्हणजे घरगुती उजेडातसुद्धा, जवळजवळ सर्वांचे मेलॅटोनिन उशिरा सुरू झाले आणि त्याचा एकूण काळ सुमारे दीड तासाने आखडला. २०१९ मध्ये असेही कळले, की ही संवेदनशीलता माणसामाणसांत पन्नास पटींहून अधिक बदलते. त्यामुळे एकाच ट्यूबखाली एकाला लगेच झोप लागते आणि दुसरा तळमळत राहतो, यात नवल नाही. सगळा दोष मोबाइलवर ढकलणे तर मला योग्य वाटत नाही. झोपण्यापूर्वी चार-चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचायला लावलेल्या एका गाजलेल्या प्रयोगातही झोप लागायला सरासरी दहाच मिनिटे जास्त लागली होती. छतावरचा दिवा त्याहून अधिक उजेड थेट डोळ्यांत टाकतो, पण त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

२०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने मेलॅनॉप्सिनला जाणवणाऱ्या उजेडाच्या मर्यादा सुचवल्या: दिवसा किमान २५० लक्स, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १० आणि झोपेत १. दिवसाचा आकडा गाठणे सोपे आहे, कारण पावसाळ्यातल्या भरून आलेल्या दुपारीसुद्धा बाहेर हजारो लक्स उजेड असतो. पण ऐरोली-महापेच्या काचबंद कार्यालयांत खिडकीपासून दूर बसणाऱ्यांच्या वाट्याला तो येत नाही. संध्याकाळचा आकडा त्याहून अवघड. रात्री साडेनऊच्या लोकलने कोपरखैरण्याला उतरून घरी पोहोचायचे, एकाच खोलीत एका ट्यूबखाली जेवायचे, मुलाचा अभ्यास आणि पहिल्या पाळीला जाणाऱ्याची झोपही तिथेच, अशा घरात १० लक्स कुठून आणायचे? तेवढ्याच प्रखरतेचा २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी लावला, तर घड्याळापर्यंत पोहोचणारा उजेड साधारण निम्म्यावर येतो. तो बल्बही त्याच दुकानात मिळतो, फक्त मागून घ्यावा लागतो.