आझाद हिंद सेना आणि जर्मनीतली लीजन: एक नाव, दोन फौजा

२३ जानेवारी, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस यांची जयंती, जवळ आली की एक फोटो हमखास फिरायला लागतो. पगडी बांधलेले शीख जवान, अंगावर जर्मन गणवेश आणि त्यांची पाहणी करत चाललेला जर्मन फील्ड मार्शल रोमेल. खाली ओळ असते: 'नेताजींची आझाद हिंद सेना'. उत्साही मंडळी पुढे 'इंफाळच्या मोहिमेवर' असंही जोडतात. तो फोटो १९४४ सालचा, फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा आहे. त्यातले जवान मणिपुरातल्या इंफाळच्या आघाडीवर कधीच गेले नाहीत, आणि नेताजी तेव्हा रंगूनला होते. अशा फोटोत आधी उजवा दंड पाहावा. केशरी, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांवर झेपावणारा वाघ आणि वर रोमन अक्षरांत 'फ्रायेस इंडिएन' असा बिल्ला दिसला, तर ती जर्मनीतली 'फ्री इंडिया लीजन' ही हिंदी जवानांची तुकडी आहे. सिंगापूरच्या आझाद हिंद सेनेचा तिथे संबंध नाही.

सिंगापूरची कथा बहुतेकांना पाठ आहे, म्हणून ती थोडक्यात. जुलै १९४३ मध्ये नेताजी तिथे पोहोचले, ज्येष्ठ क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्याकडून सूत्रं घेतली, 'चलो दिल्ली'ची हाक दिली. गांधी, नेहरू, आझाद आणि सुभाष या ब्रिगेड, लक्ष्मी स्वामिनाथन यांची झाशीची राणी रेजिमेंट, एप्रिल १९४४ मध्ये मणिपुरातल्या मोइरांगला फडकलेला तिरंगा, हे शाळेत शिकलेलं असतं.

'सेना' की 'फौज' यावरही वाद घालणारे भेटतात. त्यात काही नाही. हिंदुस्तानीत फौज, मराठीत सेना. तसाच संस्थापकाचा प्रश्न. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत कुठे मोहनसिंग, कुठे रासबिहारी, कुठे नेताजी असं उत्तर सापडतं. कॅप्टन मोहनसिंग यांनी जपान्यांच्या हाती लागलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून उभी केलेली पहिली सेना १ सप्टेंबर १९४२ ला रीतसर स्थापन झाली आणि जपान्यांशी बिनसल्यावर त्याच डिसेंबरात मोडली. रासबिहारींनी मधल्या काळात ती सावरून धरली, नेताजींनी १९४३ मध्ये नव्याने उभारली. 'संस्थापक कोण?' असं एका शब्दाचं उत्तर मागणारा प्रश्न विचारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा गोंधळ युरोपातल्या फौजेचा आहे, कारण हिंदुस्तानीत तिलाही 'आझाद हिंद फौज'च म्हणत. नेताजी १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले. उत्तर आफ्रिकेत रोमेलच्या सैन्याने पकडलेले हिंदी जवान जर्मनांच्या छावण्यांत होते. त्यांच्यातून स्वयंसेवक निवडून ही तुकडी उभी राहिली, सॅक्सनीतल्या क्योनिग्सब्रुकला तिचं शिक्षण झालं, संख्या तीन हजारांच्या आसपास गेली. म्हणजे मोहनसिंग सिंगापूरमध्ये आपली सेना उभी करत होते त्याच सुमारास नेताजी बर्लिनमध्ये वेगळीच तुकडी उभारत होते. एकीतून दुसरी निघाली, ही समजूत इथेच संपावी.

आता मुख्य फरक. दोन्हीकडचे जवान हिंदी, दोन्हीकडचे बरेचसे ब्रिटिशांच्या फौजेतले युद्धकैदी, दोन्हींचे स्फूर्तिस्थान नेताजी. मग फरक कुठे? शपथ कोणाच्या नावाने घेतली आणि वर सरकार कोणाचं होतं, इथे.

लीजन जर्मन सैन्याचाच भाग होती. कागदोपत्री ती त्यांची ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट. जवानांच्या शपथेत दोन नावं होती: जर्मन सैन्याचा सेनापती म्हणून हिटलर, ज्याची आज्ञा पाळायची; आणि हिंदुस्थानच्या लढ्याचे नेते म्हणून सुभाषचंद्र बोस. पगार, शस्त्रं, हुकूम सगळं जर्मन. हिंदुस्थानचं कुठलंही सरकार तिच्या पाठीशी नव्हतं, कारण तोपर्यंत ते अस्तित्वातच आलेलं नव्हतं.

ते आलं २१ ऑक्टोबर १९४३ ला, सिंगापूरच्या कॅथे इमारतीत. तिथे नेताजींनी देवाच्या नावाने शपथ घेतली ती हिंदुस्थान आणि ३८ कोटी देशबांधवांना मुक्त करण्याची. या हंगामी सरकारला नऊ देशांनी मान्यता दिली. हे देश जर्मनी, जपान, त्यांचे मित्र आणि त्यांच्या छायेखालचे होते, हे खरं. तरी सरकार ते सरकार. त्याने ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं आणि आझाद हिंद सेना त्या सरकारची सेना झाली, स्वतःच्या लष्करी कायद्यासकट. सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले त्या मंत्रिमंडळात सेनेचे प्रतिनिधी होते.

"पण रसद जपानचीच होती ना?" असा सवाल लगेच येतो. होती. इंफाळच्या मोहिमेत सेना जपानी योजनेनुसार लढली आणि त्याची किंमतही तिने मोजली. पण कोणाकडून बंदूक घेतली आणि कोणाचा शिपाई म्हणून लढलो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. लाल किल्ल्यातला खटला याच फरकावर उभा होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवला गेला. भुलाभाई देसाईंच्या बचावाचा कणा असा: सरकार रीतसर स्थापन झालं होतं, सेना नियमबद्ध होती, आणि आपल्या देशाच्या मुक्तीसाठी युद्ध करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायदा मान्य करतो. लष्करी न्यायालयाने तिघांना दोषी धरून जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा, दिली. पण जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांना ती माफ करावी लागली. हा युक्तिवाद हिटलरच्या नावाची शपथ घेतलेल्या रेजिमेंटसाठी कोणी उभा करू शकला असता का?

म्हणून दोन्हींना सरसकट एकच नाव देणं मला खटकतं. त्याने 'नेताजींची सेना म्हणजे हिटलरची सेना' म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं. माझा आग्रह असा की 'आझाद हिंद सेना' हे नाव आशियातल्या सेनेलाच ठेवावं आणि युरोपातलीला 'लीजन' म्हणावं.

लीजनच्या जवानांना कमी लेखण्याचा हेतू यात अजिबात नाही. त्यांना ब्रिटिशांविरुद्धच वापरायचं, अशी नेताजींची अट होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते कियेल बंदरातून पाणबुडीने आशियाकडे निघाले आणि मागे राहिलेली लीजन आधी नेदरलंड्सला, मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला गेली. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनांनी तिला वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, ताब्यात दिलं. पुढच्या वसंतात ती स्वित्झर्लंडच्या दिशेने सरकत असताना अमेरिकन आणि फ्रेंच सैन्याच्या हाती लागली. ज्या हिंदुस्थानसाठी ती उभी राहिली, तिथे लढण्याची वेळ तिच्यावर आलीच नाही.

लीजनकडून सिंगापूरला एक गोष्ट मात्र आली. सर्व धर्मांच्या जवानांना सारखं म्हणता येईल असं अभिवादन हवं होतं, तेव्हा नेताजींचे सहकारी आबिद हसन यांनी 'जय हिंद' सुचवलं ते जर्मनीत. पाणबुडीत नेताजींसोबत तेच होते, आणि पुढे इंफाळच्या आघाडीवरही.