व्यापार-समायोजन साहाय्य आणि ग्रामीण विदर्भ

परदेशी मालाच्या आयातीमुळे किंवा कारखाना परदेशात हलवल्यामुळे ज्यांचे काम गेले, अशा कामगारांना सरकार जी वेगळी मदत देते तिला व्यापार-समायोजन साहाय्य म्हणतात. नेहमीचा बेकारी भत्ता संपल्यावरही काही काळ निर्वाहाची रक्कम, नवे काम शिकण्याचा खर्च आणि कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर पगारातल्या फरकाचा काही भाग, असे तिचे साधारण स्वरूप असते. या नावाची योजना अमेरिकेने १९६२ मध्ये सुरू केली. भारतात अशी योजना नाही. इथे कामगाराला काय मिळेल हे तो कुठे आणि कसा नोकरीला होता यावर ठरते. काम कशामुळे गेले, हे कोणी विचारत नाही. कापूस, कोसा (टसर रेशीम) आणि सोयाबीन यांच्या आधाराने जगणाऱ्या विदर्भातल्या खेड्यांसाठी हा फरक मोठा आहे.

कल्पना

खुल्या व्यापाराने देशाचा एकूण फायदा होतो, पण तो सगळ्यांच्या घरी सारखा पोचत नाही, हे अर्थशास्त्राला पहिल्यापासून ठाऊक आहे. स्वस्त कापड घेणारे लाखो असतात आणि प्रत्येकाचे चार पैसे वाचतात. विणणारा एक असतो आणि त्याचे सगळेच जाते. निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये एक कसोटी मांडली. ज्यांचा फायदा झाला ते नुकसान झालेल्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल चांगला समजावा. या कसोटीत एक पळवाट आहे. भरपाई देता यायला हवी एवढेच तीत म्हटले आहे, प्रत्यक्ष द्यायलाच हवी असे नाही. व्यापार-समायोजन साहाय्य म्हणजे ती प्रत्यक्ष देण्याचा प्रयत्न.

अमेरिकेतली योजना

पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडॉनल्ड यांनी १९५४ मध्ये ही सूचना केली. आयातकर कमी करायचा असेल तर त्याची झळ कामगाराने एकट्याने का सोसावी, असा त्यांचा मुद्दा होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात, १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात ती आली. पण अटी अशा होत्या की पहिली सात वर्षे कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. करकपातीमुळेच आयात वाढली आणि त्या आयातीमुळेच नोकरी गेली, असे दोन्ही दुवे कामगारानेच सिद्ध करायचे होते. १९७४ च्या कायद्याने अट सैल केली : नोकरी जाण्यात आयातीचा महत्त्वाचा वाटा असला तरी पुरे. १९८० च्या सुमारास मोटार कारखान्यांतल्या कामगारांचे अर्ज लोटले आणि खर्च वाढला, तशी १९८१ मध्ये रेगन सरकारने कात्री लावली.

कामाची पद्धत साधी होती. एकाच कारखान्यातल्या तीन कामगारांनी मिळून, किंवा त्यांच्या संघटनेने, श्रम खात्याकडे अर्ज करायचा. खाते कंपनीकडून विक्रीचे आकडे मागवी, गिऱ्हाइकांना विचारी की तुम्ही आता माल कुठून घेता, आणि मग त्या सबंध गटाला दाखला देई. २००२ पासून ज्या कारखान्याचे काम गेले त्याला सुटे भाग पुरवणारेही यात आले, २००९ मध्ये सेवाक्षेत्र आले. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेतनविमा होता : जुन्या-नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम, दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० हजार डॉलर. वय झालेल्या माणसाला पुन्हा शाळेत बसवण्यापेक्षा हे बरे, आणि सबंध योजनेत शहाणपणाचा भाग असेल तर तो हाच.

२००२ च्या कायद्यात शेतकरी आणि मच्छीमारही आले. शेतमालाचा भाव आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या ८० टक्क्यांहून खाली गेला आणि त्याला आयात कारण ठरली, तर मदत मिळे. कोळंबी धरणाऱ्यांनी तिचा लाभ घेतला. कापूस पिकवणाऱ्या अमेरिकी शेतकऱ्यांना मात्र वेगळी आणि कितीतरी मोठी अनुदाने होती. त्या अनुदानांनी जगभर कापसाचा भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि जिंकली. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ती मिटवली. यवतमाळचा शेतकरीही त्याच बाजारात होता. तो वादी नव्हता, त्यामुळे त्याला काही मिळाले नाही.

योजनेचा उपयोग झाला का, यावर एकमत नाही. मॅथेमॅटिका संस्थेच्या २०१२ च्या मूल्यमापनात लाभार्थी चार वर्षांनंतरही कमाईत मागेच दिसले. बेंजामिन हायमन यांनी २०१८ मध्ये वेगळ्या पद्धतीने हिशेब मांडला, तेव्हा दहा वर्षांत मिळून सुमारे ५० हजार डॉलरची जास्त कमाई निघाली. अमेरिकी कामगार संघटना तिला उपहासाने ‘अंत्यविधीचा विमा’ म्हणत. १ जुलै २०२२ पासून योजनेची मुदत संपली आणि नवे अर्ज घेणे थांबले. युरोपीय संघाचा असाच निधी २००७ पासून आहे. सुरुवातीला एका वेळी १,००० कामगार कमी झाले तरच तो मिळे; पुढे ही अट आधी ५०० वर आणि मग २०० वर आणली गेली.

डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ मध्ये दाखवलेली एक गोष्ट विदर्भाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. चिनी मालाने ज्या भागांतले कारखाने बंद पाडले, तिथे लोकांना सरकारी पैसा मिळाला, पण तो मुख्यतः अपंगत्व भत्ता, वैद्यकीय मदत अशा वाटांनी. याच कारणासाठी काढलेल्या योजनेतून आलेला पैसा त्यापुढे किरकोळ होता.

वऱ्हाडाचा जुना अनुभव

परदेशी व्यापाराने काम जाणे विदर्भाला नवे नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला, पण रेल्वे आली ती राहिली. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा गेला. ज्या डब्यांतून गठाणी गेल्या त्यांतूनच विलायती कापड आले.

त्या वेळचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कारनॅक यांचा हिशेब सरळ होता. रेल्वेने आलेले स्वस्त कापड इथल्या कापडाला मागे टाकील, कापूस गावात न खपता बाहेर जाईल आणि सूतकताई-विणकामात अडकलेली माणसे शेतमजुरीला मोकळी होतील. कोष्ट्याचे माग बंद पडणे ही त्यांच्या लेखी अडचण नव्हती. तोही एक फायदाच होता. ‘समायोजन’ या शब्दाचा इथला पहिला अर्थ असा : माग सोडा, वेचणीला या.

हजेरीपटावरचे कामगार

पुढे याच कापसावर गिरण्या उभ्या राहिल्या. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर अशा कसब्यांतही भोंगे वाजू लागले आणि आसपासच्या खेड्यांतली घरे त्या भोंग्यावर चालू लागली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या गिरण्या एकेक करून आजारी पडल्या. एम्प्रेस १९८६ मध्ये राज्य सरकारकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली.

अमेरिकी कसोटी इथे लावली असती, तर बहुतेक गिरणी कामगार नापास झाले असते. त्यांचे काम परदेशी कापडाने गेले नव्हते. जुनी यंत्रे, यंत्रमाग, कृत्रिम धागा आणि मालकांची अनास्था ही कारणे घरचीच होती. तरीही त्यांना काही मिळाले, कारण ते हजेरीपटावर होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कपातीची भरपाई म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. शिवाय ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी. १५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्राची वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आली. कायमच्या बंद झालेल्या खासगी गिरणीतल्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम तीत मिळे. व्यापार-समायोजन साहाय्याच्या सर्वांत जवळ जाणारी भारतीय योजना हीच, फक्त तीत आयातीचा उल्लेख नव्हता. २०१७ मध्ये ती कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत, म्हणजे विमाधारक कामगारांच्या बेकारी भत्त्यात, मिसळली गेली.

आर्थिक उदारीकरणानंतर फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढण्यात आला. कामगारांना नव्या कामासाठी तयार करायचे, हा त्याचा घोषित हेतू. पैसा मुख्यतः सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला आणि २००० मध्ये निधी गुंडाळला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आता पुनर्कौशल्य निधी आहे : कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांच्या आत पंधरा दिवसांचा पगार. पंधरा दिवसांत माणूस काय शिकणार, हे संहिता सांगत नाही.

जिन आणि कोसा

खेड्यातल्या कामाचा मोठा भाग गिरणीत कधी नव्हताच. कापूस शेतातून निघतो, खेडा खरेदीवाल्याकडे किंवा बाजार समितीत जातो आणि तिथून जिनात येतो. सरकी वेगळी होते, रुई दाबून १७० किलोची गठाण बांधली जाते. हमाल, गठाण बांधणारे, कवडी (किडका, डागी कापूस) वेचून काढणाऱ्या बाया, हे सगळे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचे काम. ठेकेदार माणसे आणतो आणि हिशेब त्याच्याकडेच असतो.

इथे कायदा अगदी नाव घेऊन बोलतो. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात ‘हंगामी कारखाना’ म्हणजे काय ते सांगताना यादीत पहिले नाव कापसाच्या जिनिंगचे होते, त्यापाठोपाठ प्रेसिंगचे. हंगामी कारखान्यांना तो कायदा लागू नव्हता. त्यामुळे त्याच्या आधारावरची राजीव गांधी योजना (२००५) आणि अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना (२०१८) या बेकारी भत्त्याच्या योजना जिनातल्या माणसापर्यंत पोचत नाहीत. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना राज्य विम्याबाहेरच आहे. ले-ऑफच्या (तात्पुरते काम बंद ठेवल्याच्या) भरपाईतूनही १९४७ च्या कायद्याने हंगामी आस्थापने वगळली होती. बाहेरची गठाण बंदरावर उतरली म्हणून जिनातल्या बाईला कोणी कमी करत नाही. हंगाम आखडतो, तिला बोलावणे येत नाही, एवढेच. ज्या नोकरीचा कागद नव्हता ती गेल्याचा कागद कुठून येणार?

कोशाची गोष्ट आणखी नाजूक आहे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ढिवर लोक ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात, कोश उकळून सूत काढले जाते आणि कोष्टी ते मागावर चढवतात. देशभरच्या टसर विणकरांनी ताण्यासाठी (उभ्या धाग्यांसाठी) चीन-कोरियाचे एकसारखे, न तुटणारे सूत वापरायला सुरुवात केली. विणकराला ते सोयीचे आहे. तोटा सूत काढणाऱ्या हातांचा आणि रानात कोश राखणाऱ्याचा. म्हणजे एकाच कापडात आयातीने एकाचे काम टिकवले आणि दुसऱ्याचे घालवले. अमेरिकी दाखल्यात अशा गुंत्याला रकाना नव्हता.

रोजगार हमी

या सगळ्यांना पडत्या काळात खरोखर हाताशी आली ती रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि १९७२ च्या दुष्काळात वाढलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. शहरातला पगारदार दरमहा थोडे देतो आणि त्यातून खेड्यात काम निघते. काल्डोर-हिक्स यांच्या कसोटीतली भरपाई महाराष्ट्राने या एका ठिकाणी खरोखर दिली, व्यापाराचे नावही न काढता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तीच कल्पना घरटी शंभर दिवसांच्या हमीने देशभर नेली.

काम का गेले, हा प्रश्न रोजगार हमीत नाही. नमुना भरला की काम मागता येते. म्हणूनच ती जिनातल्या बाईपर्यंत पोचते. पण हे काम मातीचे आहे. खडी फोडून खरबरीत झालेल्या बोटांना कोशाचे सूत अडकते. विणकर दोन हंगाम बांधावर गेला की त्याचा हात जातो.

आयातकर

काम जाण्याआधीच आयात रोखण्याची सोय भारतीय कायद्यात आहे. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याखाली पाटन-प्रतिबंधक शुल्क (पडेल भावात ओतलेल्या परदेशी मालावरचा कर) आणि संरक्षक शुल्क (एकाएकी वाढलेल्या आयातीवरचा कर) लावता येते आणि व्यापार उपाय महासंचालनालय त्याची चौकशी करते. पाटन-शुल्काचा अर्ज देशांतर्गत उत्पादकांनी करायचा असतो आणि पाठिंबा देणाऱ्यांकडे निदान २५ टक्के उत्पादन असावे लागते. अमेरिकेत मदत मागायला तीन कामगार पुरत. इथे कामगार अर्जदारच होत नाही.

कच्च्या कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के आयातशुल्क होते. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर बसवला त्या ऑगस्ट २०२५ मध्ये, कापड उद्योगाला हात देण्यासाठी, १९ तारखेपासून ते माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. विदर्भात पहिली वेचणी आणि जिनाचा हंगाम सुरू होतो तो याच महिन्यांत. शेतकऱ्यासाठी भारतीय कापूस महामंडळाची हमीभावाची खरेदी होती, लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये. वेचणाऱ्या आणि गठाण बांधणाऱ्या मजुरासाठी त्या निर्णयात वेगळी तरतूद नव्हती.