पुरलेलं शरीर किती दिवसात माती होतं? ह्या प्रश्नामागचा इतिहास

बातमीत "मृतदेह कुजलेला असल्याने मृत्यू आठ-दहा दिवसांपूर्वी झाला असावा" असं वाचतो आणि पुढे जातो, पण हा अंदाज किती अवघड असतो ते १९७७ च्या एका केसवरून कळतं. अमेरिकेत टेनेसीतल्या फ्रँकलिनला एक जुनी कबर उकरलेली सापडली, आत धड, मांस अजून गुलाबीसर, त्यामुळे पोलिसांना वाटलं नुकताच खून करून जुन्या कबरीत बॉडी लपवलीय. हाडांचे नावाजलेले प्रोफेसर विल्यम बास यांनीही बघून सांगितलं, फार तर वर्ष झालं असेल. निघाला कोण तर कर्नल विल्यम शाय, १८६४ मध्ये नॅशव्हिलच्या लढाईत मेलेला! ११३ वर्षांची चूक. शरीराला टिकवायची औषधं दिलेली आणि शवपेटी बिडाची, घट्ट बंद, त्यामुळे इतकी वर्षं कुजणं जवळजवळ थांबलेलंच. बास यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि १९८१ मध्ये नॉक्सव्हिलला जागा घेऊन देहदान केलेली शरीरं उघड्यावर, उथळ खड्ड्यात, पाण्यात ठेवून रोज काय होतं ते नोंदवायला सुरुवात केली, तोच तो 'बॉडी फार्म'. मला ह्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

तसा ठोकताळा आधीपासून होता, एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या डॉ. कॅस्पर यांनी मांडलेला, की उघड्यावर एका आठवड्यात जेवढं कुजतं तेवढं पाण्यात दोन आणि जमिनीत आठ आठवड्यांत. कारण जमिनीत माशा पोचत नाहीत, गारवा असतो, हवा कमी.

त्याही आधी, १७८० च्या दशकात पॅरिसचं इनोसंट्स कब्रस्तान हलवताना सामुदायिक खड्ड्यांमधली बरीच प्रेतं कुजलेलीच नव्हती, ओल भरपूर आणि हवा नाही म्हणून अंगातल्या चरबीचा पांढरट, साबणासारखा मेणचट थर झालेला. रसायनशास्त्रज्ञ फुरक्रुआ यांनी तो तपासला आणि त्याला अ‍ॅडिपोसीर म्हटलं.

हाडांचं गणित वेगळं, तिथे मातीच ठरवते. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत, त्यात तेवढा पाऊस, हाडातलं कॅल्शियम विरघळत जातं. पण घाटावर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं, वस्ती इ.स.पू. १६०० ते ७०० ची, तिथे घराच्या जमिनीखालीच लहान मुलं पुरलेली, दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून आणि आत बाळ. मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडलेली. आजूबाजूला चुनखडीचे खडे असलेली अल्कधर्मी काळी माती, म्हणून तर तान्ह्या बाळाची काडीएवढी बरगडीसुद्धा तीन हजार वर्षं टिकली.