पार्श्वभूमी: कणभौतिकीचा प्रयोगकर्ता आणि लेखकांची यादी

नाशिकला बी.एस्सी., पुण्यात एम.एस्सी., मुंबईत पीएच.डी. आणि मग जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन), अशी वाट धरलेला मुलगा प्राध्यापकीसाठी इकडे परत आला की मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: या पेपरात तुमचं नाव कितवं?

१९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सव्वादोन किलोमीटरच्या आसपास खोलीवर, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची (पदार्थातून जवळपास न अडता आरपार जाणाऱ्या कणांची) खूण मिळाली. तेव्हा पेपरवरची नावं डझनाच्या आत होती. पुढे यंत्रं वाढली, तशी माणसंही. तमिळनाडूतल्या थेनीजवळ न्यूट्रिनो टिपणारा ५० हजार टनी लोखंडी डिटेक्टर उभारायला २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण कोर्टकचेऱ्या आणि राज्याचा विरोध यांत तो रखडला. राहता राहिलं जिनिव्हा.

तिथल्या अनेक पेपरांत नावं आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरानुसार लागतात. देवळ्याचा आहेर पहिल्या पानावर आणि निफाडचा वाघ पार शेवटी, मग डिटेक्टरखाली रात्रपाळ्या वाघानंच काढलेल्या का असेनात. हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या संयुक्त पेपरला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्थांची!

आपल्याकडची प्राध्यापकांसाठीची गुणपद्धत मात्र प्रयोगशाळेच्या एका टेबलाभोवती मावणारा चमू धरून केलेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत पेपरच्या गुणांचा मोठा वाटा पहिल्या लेखकाचा आणि मार्गदर्शकाचा. उरलेला बाकीच्यांत सारखा वाटायचा. पाच हजारांत वाटून हाती काय येणार? २०१८ मध्ये हे बदललं. विज्ञानाच्या पेपरला ८ गुण, त्यातले ३० टक्के प्रत्येक सहलेखकाला, इम्पॅक्ट फॅक्टरचे (नियतकालिकातल्या पेपरांचे दाखले सरासरी किती दिले जातात त्या आकड्याचे) वाढीव वेगळे. झालं, तक्रार उलटली. मोठ्या प्रयोगातून वर्षाला शंभराच्या आसपास पेपर निघतात, म्हणजे काही न करता गुणांची रास, असं इतर शाखांचे लोक म्हणू लागले. ते पूर्ण खरं नाही. यादीत नाव लागण्याआधी कॅलिब्रेशन (यंत्राची मोजमापं अचूक जुळवणं), देखभाल, सॉफ्टवेअर असं काम करून दाखवावं लागतं. पण कुणी काय केलं याची नोंद अंतर्गत टिपणांत राहते आणि ती बाहेरच्यांना दिसत नाही.

त्यामुळे उमेदवार आता गटप्रमुखाचं पत्र सोबत आणतात: ट्रिगरचा (कोणत्या टकरींची नोंद ठेवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा) अमुक भाग यानं लिहिला, तमुक विश्लेषण यानं केलं. गुणांच्या तक्त्यात त्या पत्राला रकाना नाही.