पेट्रोलचा काटा पडला म्हणजे मीटर गेला?

जुन्या फियाट-अँबॅसेडरचा पेट्रोलचा काटा हलेनासा झाला की ‘मीटर गेला, बदलून टाका’ हा सल्ला ठाण्यात हमखास मिळतो. बहुतेकदा मीटर ठणठणीत असतो. बिघाड टाकीवरच्या युनिटमध्ये (पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटवरून पातळी मीटरला कळवणारा भाग) किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेल्या विजेच्या जोडात, निघतो. खाडीची दमट हवा आणि पावसाळा, अर्थचा जोड गंजणारच.

चावी बंद ठेवून युनिटची वायर काढा, टाकीपासून लांब, घासून उघड्या केलेल्या पत्र्याला घट्ट लावा, मगच चावी फिरवा. हा क्रम मोडू नका. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको. वायर सुटी असताना काटा एका टोकाला आणि अर्थ दिल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर शाबूत. (कुठल्या वेळी ‘फुल’ दाखवेल, ते मीटरच्या जातीवर.) काही काटे सावकाश सरकतात, टोकाला पोचताच चावी बंद करा.

मग युनिटच्या पत्र्यापासून चासीपर्यंत मल्टिमीटर लावा. 1 ओहमच्या वर आकडा आला तर गंज घासून नवी अर्थ वायर टाका. तरीही काटा ढिम्म? टाकी रिकामी करून युनिट उतरवा आणि पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर फ्लोटला भोक आहे.