बदलते आयपी पत्ते आणि नामनिराकरण

संगणकाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून काढण्याच्या क्रियेला नामनिराकरण म्हणतात. पत्ता कायमचा असेल तर ही क्रिया सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. तो डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, ठरावीक मुदतीसाठी मिळालेला असेल, तर मात्र नाव तेच राहून पत्ता बदलू शकतो आणि नावाची जुनी नोंद भलत्याच यंत्राकडे नेते. वाशी-नेरुळच्या सोसायट्यांत अकरा महिन्यांच्या करारावरचे भाडेकरू बदलतात, पण तळमजल्यावरच्या फलकावर आधीच्याच भाडेकरूचे नाव राहते, आणि कुरिअरवाला ते वाचून चौथा मजला चढतो. त्यातलाच हा प्रकार. करार करणारा एक, फलक रंगवणारा दुसरा.

पत्ते वाटणारी आणि नावांची नोंद ठेवणारी या दोन व्यवस्था वेगवेगळ्या काळात घडल्या. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सर्व यंत्रांची नावे पूर्वी एकाच फाइलमध्ये ठेवली जात. ती फाइल अपुरी पडू लागल्यावर पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांच्या व्यवस्थेची, रचना मांडली. त्या वेळी यंत्रे सहसा जागची हलत नसत आणि पत्ते हाताने भरले जात. डीएचसीपीचे पहिले मानक १९९३ मध्ये आले, तर डीएनएसमधील नोंदी आपोआप बदलण्याची रीत १९९७ मध्ये, आरएफसी २१३६ या दस्तऐवजाने ठरली.

पत्ता रोज बदलतो, हा समज चुकीचा आहे. मुदत निम्मी सरली की यंत्र ती वाढवून मागते. दाद मिळाली नाही, तर ८७.५ टक्के मुदत उलटल्यावर समोर येईल त्या सर्व्हरला विचारते. त्यामुळे चालू यंत्राचा पत्ता बहुधा टिकतो. गोंधळ होतो तो यंत्र बराच काळ बंद राहिले किंवा राउटर आपली यादी विसरला तर. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आठ-दहा संगणकांच्या एखाद्या कार्यालयाची कल्पना करावी. पावसात रात्री वीज जाऊन येते, साधा राउटर कोऱ्या यादीने उठतो आणि आदल्या दिवशी आणलेल्या नव्या प्रिंटरला १९२.१६८.१.५ हा पत्ता देऊन टाकतो. सकाळी दहाला सुरू झालेला ‘हिशेब’ नावाचा संगणक आपला तोच जुना पत्ता मागतो, नकार मिळतो, आणि दुसरा घेतो. शेजारच्या टेबलावरील संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावे आणि पत्ते लिहून ठेवायच्या त्याच्या स्वतःच्या यादीत, मात्र कोणी तरी पूर्वी हाताने लिहिलेली ओळ तशीच असते. ‘हिशेब’ला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का?’ असा संदेश धाडला, की उत्तर येते, कारण ते प्रिंटर देतो, सामायिक फोल्डर तेवढे उघडत नाही. उत्तर न येण्यापेक्षा हे चुकीचे उत्तर जास्त वेळ खाते.

अशा वेळी आधी नव्या पत्त्याच्या आकड्यांनीच जोडून पाहावे. तसे जुळले, तर केबल आणि स्विच निर्दोष आहेत. नावाचा पत्ता शोधणारी एनएसलुकअप ही आज्ञा थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, तर पिंग होस्ट्स फाइल, साठवलेली जुनी उत्तरे आणि स्थानिक हाकाटीचाही, म्हणजे जवळच्या सर्व यंत्रांना एकदम विचारण्याचाही, आधार घेतो. दोघांची उत्तरे वेगळी आली, तर तेच दुखण्याचे ठिकाण समजावे.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या मोठ्या कार्यालयांत रोग वेगळा असतो. विंडोज डीएनएसमधील शिळ्या नोंदी झाडण्याची सोय मुळात बंद असते, आणि चालू केली तरी तिच्या नेहमीच्या दोन मुदती सात-सात दिवसांच्या असतात. विंडोज डीएचसीपीची मुदत सहसा आठ दिवसांची. म्हणजे पत्ता दुसऱ्याला गेला तरी पहिल्याचे नाव काही दिवस त्याच पत्त्यावर राहते. शिवाय सुरक्षित अद्ययावतीकरणात, म्हणजे ओळख पटवूनच नोंद बदलू देण्याच्या पद्धतीत, नोंद ज्याने केली त्याचीच मालकी असल्याने, तेच नाव घेऊन नव्या ओळखीने आलेल्या लॅपटॉपला ती बदलता येत नाही. दुसरा सर्व्हर म्हणून बाहेरचा सार्वजनिक डीएनएस भरून ठेवणे ही आणखी एक हमखास चूक: त्याला अंतर्गत नावे ठाऊक नसतात, आणि बिघाड मधूनच होऊन मधूनच जातो.

छोट्या जागेत उपाय सोपा आहे. प्रिंटर आणि सामायिक संगणक यांचे पत्ते राउटरमध्ये मॅक क्रमांकावरून, म्हणजे जोडणीच्या प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून, राखून ठेवावेत. लॅपटॉपच्या वायफायचा आणि केबलचा मॅक वेगळा असतो, हे मात्र विसरले जाते. ‘.लोकल’ने संपणारी नावे वापरणारा मल्टिकास्ट डीएनएस सर्व्हरशिवाय चालतो. यंत्र स्वतःच २२४.०.०.२५१ या गट-पत्त्यावर उत्तर देते. पण ती हाक राउटर ओलांडत नाही.

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतला सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी डायनॅमिक डीएनएस, म्हणजे पत्ता बदलला की नावाची नोंदही बदलणारी सेवा, घेतला जातो, तेव्हा सेवादात्याने राउटरला १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला सामायिक पत्ता दिलेला असेल, तर नाव अचूक उलगडूनही जोडणी दारापर्यंत पोहोचत नाही. तो दोष नामनिराकरणाचा नव्हे. तिथे सेवादात्याकडून स्वतंत्र पत्ता किंवा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब पत्ता, मागावा लागतो.